परिषदेला जाताना: दार उघडं आहे का, ते आधी बघा



मागच्या काही भागांनंतर तरुण श्रोत्यांचे एकाच धाटणीचे प्रश्न आले. "सर, पहिल्यांदाच वैज्ञानिक परिषदेला चाललोय. तिथं वागायचं कसं?" एका आईनं विचारलं, "मुलगी एकटीच परगावी परिषदेला जाणार आहे. काळजी काय घ्यावी?" हे दोन्ही प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत. चांगलं वागणं आणि सुरक्षित राहणं हा एकच विषय आहे. तो का, हे मला तंजावरात कळलं, आणि तेही माझ्या स्वतःच्या चुकीमुळे. आज तीच गोष्ट सांगतो.

आधी माझी ओळख थोडक्यात, नव्या श्रोत्यांसाठी. पदवी विज्ञानाची घेतली, पण त्यानंतरची सगळी वर्षं वर्दीत गेली. मी शास्त्रज्ञ नाही. निवृत्तीनंतर हौसेनं मोडी शिकलो. मोडीचा नाद लागलेला मराठी माणूस आज ना उद्या तंजावरला पोचतोच. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तिथं भोसल्यांची गादी स्थापन केली. त्याच घराण्यातले दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. राज्याचा कारभार कंपनी सरकारनं काढून घेतला, तेव्हा या राजानं ग्रंथ जमवले, छापखाना काढला, धन्वंतरी महालात औषधांचा अभ्यास करवला, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यातलं बरंच काही आजही आहे. मोठ्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. चालता चालता आपली भाषा दगडावर भेटते.

तर अशा या गावात जुन्या हस्तलिखितांच्या जतनाच्या शास्त्रावर एक छोटी परिषद होती. दोन दिवस, दोनेकशे माणसं. रसायनशास्त्रज्ञ, ग्रंथपाल, कीटकांचे अभ्यासक, संशोधक विद्यार्थी. मी श्रोता म्हणून जाणार होतो. आयोजकांत ओळखीचे होते. ते म्हणाले, "कर्नलसाहेब, येताच आहात तर व्यवस्था आणि सुरक्षा तुम्हीच बघा." फौजी माणसाला असं काम दिलं की तो खूश होतो. मीही झालो. परिषद कुठल्या संस्थेची, सभागृह कुठलं, हे सांगत नाही. चूक माझी होती.

कुलूप

आदल्या दिवशी संध्याकाळी मी रीतसर रेकी केली. सभागृहाला दोन दारं. पुढचं मोठं, मागचं लहान. मागचं दार जेवणाच्या मांडवाकडे उघडत होतं. मी ते स्वतः उघडून पाहिलं, बाहेर पाऊल टाकून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माईकवरून ऐटीत सूचना दिली, "काही झालं तर डाव्या बाजूच्या लोकांनी पुढच्या दारानं, उजव्या बाजूच्या लोकांनी मागच्या दारानं बाहेर पडायचं."

परिषदेचा पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास भिंतीलगतचा एक विजेचा बोर्ड जळला. एकाच बोर्डावर पडद्याचा प्रोजेक्टर, दोन लॅपटॉप आणि कॉफीचं तापलेलं पिंप, असा सगळा भार होता. ज्वाळा नव्हत्या, पण काळा, घशाला झोंबणारा धूर झाला. कुणीतरी "फायर!" म्हणून ओरडलं. लोक उठले, आणि माझ्या सूचनेप्रमाणेच वागले. उजव्या बाजूची चाळीस-पन्नास माणसं शिस्तीत मागच्या दाराकडे गेली.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

जेवणाच्या मांडवात कुत्री शिरत होती म्हणून सकाळी स्वयंपाकाच्या माणसांनी ते लावलं होतं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. दार मी दोन दिवसांपूर्वी पाहिलं होतं, त्या सकाळी पाहिलं नव्हतं. पुढची माणसं दार ढकलतायत, मागची येतच आहेत, आणि मध्ये काठी टेकत चालणारे एक वयोवृद्ध प्राध्यापक. वाढपी मुलानं किल्ली आणून दार उघडेपर्यंत दोन मिनिटं गेली असतील. तोवर एकानं मेन स्विच बंद केला, धूर ओसरला. कुणाला काही इजा झाली नाही. पण मंडळी, ती दोन मिनिटं मी अजून विसरलेलो नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून माणसं बंद दाराकडे चालत गेली होती.

हे तंजावरात व्हावं, याचं मला जास्त लागलं. ७ जून १९९७ रोजी तिथल्याच बृहदीश्वर मंदिरात कुंभाभिषेकाच्या सोहळ्यात यज्ञाच्या मांडवाला आग लागली. आगीत आणि चेंगराचेंगरीत चाळीसहून जास्त माणसं गेली. १६ जुलै २००४ रोजी याच जिल्ह्यात कुंभकोणमच्या एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या चुलीची आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. वरच्या मजल्यावरच्या वर्गांतून खाली यायचा जिना अरुंद होता. त्या गावातल्या माणसाला "मागचं दार बंद होतं" असं सांगून बघा. तो हसत नाही.

आत शिरल्यावर काय बघायचं

म्हणून आता मी कुठल्याही सभागृहात शिरलो की खुर्ची शोधण्याआधी दारं शोधतो. तुम्हीही हे करा. यात घाबरटपणा काही नाही, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आपण ज्या दारानं आलो ते सोडून दुसरं दार कुठलं, ते बघा. ते हातानं उघडून बघा, आणि रोज सकाळी बघा. काल उघडं होतं, याला काही अर्थ नाही. बंद दिसलं तर लाजू नका, आयोजकांना सांगा आणि उघडेपर्यंत पाठ सोडू नका. आपल्या रांगेपासून दारापर्यंत किती रांगा आहेत, त्या मोजा. धुरात डोळे कामाचे नसतात, मोजणी असते. धूर वर जातो, तेव्हा वाकून, जमिनीलगत बाहेर पडा. लिफ्ट घेऊ नका. बॅगेसाठी मागे फिरू नका. लॅपटॉप पुन्हा मिळतो.

विजेच्या आगीवर पाणी टाकू नका. आधी वीज तोडा. अग्निशामक नळकांडं वापरायचं तर पिन ओढा, नळीचं तोंड ज्वाळेच्या बुडाशी धरा, दांडा दाबा आणि डावीकडून उजवीकडे फिरवा. आपली पाठ दाराकडे असली पाहिजे, म्हणजे जमलं नाही तर निघता येतं. बाहेर पडल्यावर सगळ्यांनी एका ठरलेल्या जागी जमायचं आणि मोजणी करायची. फौजेत आम्ही प्रत्येक हालचालीनंतर माणसं मोजतो. परिषदेत कुणी मोजत नाही, त्यामुळे आत कुणी राहिलं का हे कळत नाही. निदान आपल्याबरोबर आलेली माणसं तरी मोजा.

तमिळनाडूत पाट्या तमिळमध्ये असतात, आपल्याला वाचता येत नाहीत. तेव्हा विचारून घ्या. "अवसर वळी" म्हणजे संकटकाळी बाहेर पडायचा रस्ता. आपल्याकडे अवसर म्हणजे संधी, तमिळमध्ये अवसर म्हणजे घाई, तातडी. "उदवी" म्हणजे मदत. हे दोन शब्द पाठ असू द्या. फोन नंबर आपल्याकडचेच: ११२ सगळ्यासाठी, १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशमन, १८१ महिलांसाठी.

आणि एक. कुणी अचानक कोसळलं, हाक मारून उत्तर देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर १०८ ला फोन करायला एकाला नाव घेऊन सांगा आणि दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतकं. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. दमलात तर दुसऱ्याच्या हाती द्या.

दुसरं बंद दार

आता गोष्टीचा दुसरा भाग. पहिल्या दिवशी संध्याकाळी चहाच्या वेळी एक संशोधक विद्यार्थिनी माझ्याजवळ आली. छातीवर "सुरक्षा" असा बिल्ला लावलेला मीच होतो. ती म्हणाली, एक ज्येष्ठ संशोधक सकाळपासून तिच्या मागे आहेत. तिच्या पोस्टरपाशी तीनदा आले. फोन नंबर मागितला. "तुमच्या प्रबंधावर बोलू, रात्री माझ्या हॉटेलच्या खोलीवर या," असं दोनदा म्हणाले. ती "नाही" म्हणाली, तर "पुढं नोकरी लागायची आहे ना?" म्हणाले.

आणि मी काय म्हणालो? सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "अगं, ते वयानं मोठे आहेत, तसं काही नसेल त्यांच्या मनात."

ती "बरं सर" म्हणाली आणि वळली. आयोजक समितीतल्या एक बाई जवळच उभ्या होत्या. तंजावरच्याच, घरात अजून जुनं मराठी बोलणाऱ्या. त्यांनी तिला थांबवलं, मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, तिनं तुम्हाला काय झालं ते सांगितलं. त्यांच्या मनात काय होतं, ते तिनं विचारलं होतं का?"

मग मी बिनशर्त माघार घेतली. तिची माफी मागितली. त्यावर माझी दुसरी चूक होणार होती. मी म्हणालो, "आत्ता जाऊन त्या गृहस्थांची खरडपट्टी काढतो." बाई म्हणाल्या, "आधी तिला विचारा, तिला काय हवंय." तिला तमाशा नको होता. तिला दुसऱ्या दिवशी आपलं पोस्टर शांतपणे मांडायचं होतं, आणि रात्री निवासापर्यंत कुणी सोबत हवं होतं. आम्ही एवढंच केलं. दोघीजणी तिला सोडायला गेल्या. पोस्टरची जागा बदलली, शेजारी स्वयंसेवक उभा केला. काय घडलं, किती वाजता, कुणासमोर, हे तिनं त्याच रात्री लिहून ठेवलं. पुढं तक्रार केली की नाही, हे मी विचारलं नाही. ते गोपनीयच असायला हवं.

मंडळी, परिषदेच्या माहितीपत्रात शेवटच्या पानावर छापलेलं होतं, "कोणतीही अडचण असल्यास सुरक्षा प्रमुखांशी संपर्क साधावा." म्हणजे कागदावर दार होतं. मुलगी त्या दारापर्यंत आली, आणि आतून मीच कडी लावून बसलो होतो. दुसऱ्या दिवशीचं कुलूप कुत्र्यांसाठी तरी होतं.

कायदा काय सांगतो

१९९७ हे साल पुन्हा येतं. ज्या वर्षी जूनमध्ये मंदिरातली आग झाली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक सूत्रं घालून दिली. त्यातूनच पुढं २०१३ चा कायदा आला. परिषदेला जाणाऱ्यांनी त्यातल्या चार गोष्टी माहीत करून घ्याव्यात.

पहिली, कामाचं ठिकाण म्हणजे फक्त आपलं कार्यालय नाही. कामानिमित्त जिथं जातो ते ठिकाण आणि मालकानं दिलेलं जाण्यायेण्याचं वाहन, हेही त्यात येतं. म्हणजे संस्थेनं पाठवलेली परिषदही आली. दुसरी, दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि तिची अध्यक्ष महिलाच असते. तिसरी, तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत करायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, आणि लिहिणं जमत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. चौथी, तक्रारदाराचं नाव, तपशील बाहेर फोडायला कायद्यानं मनाई आहे.

विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आहेत. विद्यार्थिनींबरोबर काही मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात, याची त्यात दखल घेतली आहे. तेव्हा आधी आपल्याच संस्थेच्या समितीशी बोला. पुढची वाट त्या दाखवतील.

बाहेरच्या जगातही हे बदललं आहे. अमेरिकेतल्या भूभौतिकी शास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली ठरवलं की छळ म्हणजे संशोधनातला गैरप्रकार, आकडे खोटे लिहिण्याच्या रांगेतला. मला हे पटतं. जिथं हुशार मुलगी घाबरून प्रश्न विचारायची थांबते, तिथं विज्ञानाचंच नुकसान होतं.

आपलं वागणं

मुलींनी काय काळजी घ्यावी, हे सगळे सांगतात. मी बाकीच्यांना सांगतो. ज्येष्ठ असाल तर तरुणांशी कामाचं बोलणं सभागृहात, चहापाशी, चारचौघांत करा. खोलीवर कुणाला बोलावू नका. "नाही" हा पूर्ण जबाब असतो, त्याचं कारण मागू नका. अंगचटीला येऊ नका, पाठीवर थाप मारायचीही गरज नाही. रूप, कपडे, जात, प्रांत, उच्चार यांवर विनोद नकोत. दक्षिणेतल्या माणसाच्या इंग्रजीला हसणारे मराठी लोक मी पाहिले आहेत. त्यांचं स्वतःचं इंग्रजी ऐकण्यासारखं असतं.

समोर कुणाला त्रास होताना दिसला तर हाणामारी करायची नाही. मध्ये जाऊन उभं राहा, "अहो, तुम्हाला तिकडे बोलावतायत" म्हणा, त्या व्यक्तीला बाहेर यायची वाट करून द्या. नंतर विचारा, "तुम्हाला काय हवंय?" आणि लागलं तर साक्ष द्या.

प्रश्न विचारताना प्रश्नच विचारा, भाषण नको. कामावर टीका जरूर करा, माणसावर नको. वेळेची घंटा वाजली की थांबा. विद्यार्थी उत्तर देताना अडखळला तर त्याला श्वास घेऊ द्या. पोस्टरचा फोटो काढण्याआधी विचारा. त्यात अजून छापून न आलेलं काम असतं, कधी रुग्णांची माहिती असते. गळ्यातला बिल्ला सभागृहात घाला, रस्त्यावर काढून ठेवा. आपलं नाव आणि संस्था गावभर दाखवत फिरायचं कारण नाही.

तंजावरला जाणार असाल तर

आपण समजतो, दसरा आला की पाऊस संपला. तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हा खरा पावसाळा. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळानं कावेरीचा सगळा पट्टा झोडपला होता. त्या दिवसांत जाणार असाल तर हवामान खात्याचा इशारा रोज बघा आणि परतीच्या प्रवासाला एक दिवस हाताशी ठेवा. उन्हाळ्यात जाल तर देवळातली फरशी दुपारी पाय भाजते, चपला बाहेर काढाव्या लागतात. सकाळी किंवा सूर्य कलल्यावर जा. पाण्याची बाटली जवळ ठेवा.

ग्रंथालयात आणि संग्रहालयात फोटोचे नियम विचारून पाळा. ताडपत्रांना फ्लॅशही नको आणि ओले हातही नकोत. गावात वायुसेनेचा तळ आहे, तेव्हा हौसेनं ड्रोन उडवू नका. सहलीला कावेरीवरच्या कल्लणै धरणावर नेतात. चोळ राजांच्या काळचं ते बांधकाम डोळे भरून पाहा, पण पाण्यात उतरू नका. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याला खाली ओढ असते.

आता शेवटचं. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी, धूर गेल्यावर, मी पुन्हा माईकवर गेलो. म्हणालो, "मागचं दार बंद होतं, ही माझी चूक. किल्ली आता माझ्या खिशात आहे आणि कुलूप काढून ठेवलं आहे." सभागृहात कुणी बोललं नाही. जेवणाच्या वेळी ते काठीवाले प्राध्यापक शेजारी येऊन बसले. केळीच्या पानावरचा भात कालवत म्हणाले, "बाकीचं सगळं विसरेन, पण यापुढे दार बघेन." ती विद्यार्थिनी समोरच्या पंगतीत बसली होती. तिचं पोस्टर झालं होतं. कुणीतरी काहीतरी विचारत होतं आणि ती हातवारे करून समजावत होती. तिचं जेवण पानावर थंड होत होतं.

तुमच्या पुढच्या परिषदेत, लग्नाच्या कार्यालयात, नाट्यगृहात आज सांगितलेली एक गोष्ट नक्की करा. दुसरं दार उघडून बघा. आणि कुणी तुमच्यापाशी येऊन काही सांगू लागलं, तर आधी नीट ऐकून घ्या.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.